शिजवण्याआधीची एक मूठ

चुलीवर आधण ठेवले आहे. सुपात तांदूळ घेतले आहेत, पाखडून, खडे वेचून झाले आहेत. आता ते आधणात वैरायचे, इतक्यात घरची बाई त्यांतली एक मूठ उचलते आणि बाजूला ठेवलेल्या दुसऱ्याच भांड्यात टाकते. मग उरलेले शिजतात. घरात माणसे पाच असोत की दहा, कोठी भरलेली असो की तिचा तळ दिसत असो, ही मूठ चुकत नाही. सकाळच्या जेवणाची एक, संध्याकाळच्या जेवणाची एक.

हा रिवाज आपल्या महाराष्ट्रातला नव्हे. देशाच्या ईशान्य टोकाला, एका अंगाला बांगलादेश आणि दुसऱ्या अंगाला म्यानमार अशा बेचक्यात मिझोराम नावाचे डोंगराळ राज्य आहे, तिथला हा. १९१० साली तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायकांनी तो सुरू केला आणि शंभराहून अधिक वर्षे लोटली तरी तो चालू आहे. त्यांच्या भाषेत त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. बुहफाई म्हणजे कांडलेले तांदूळ आणि थाम म्हणजे मूठ. नावातही काही अलंकार नाही, बघा. मूठभर तांदूळ, बस्स.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आपल्याकडेही दारी आलेल्या गोसाव्याला, वासुदेवाला, माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्याला पसाभर धान्य वाढले जातच होते. खरे आहे. पण एक फरक ध्यानात घ्या. मागणारा दारात उभा राहिला म्हणजे आपण देतो. तो आला नाही तर देणे राहून जाते. शिवाय देता देता त्याच्याकडे एक नजर टाकतो, की धडधाकट तर दिसतोय, मग कामाला काय झाले? मिझो बाई मूठ काढते तेव्हा तिच्या दारात कोणीच उभे नसते. ती मूठ कोणाच्या उपयोगी पडणार हे तिला ठाऊक नसते, आणि ज्याला ती मिळणार त्यालाही कोणाच्या सुपातली आपल्या वाट्याला आली ते कळत नाही. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हा जो आपल्याकडे दानधर्मात अवघडलेपणा असतो, तो इथे उरतच नाही.

मुलूख कसा आहे ते आधी सांगितले पाहिजे, नाही तर त्या मुठीचे मोल कळायचे नाही. मिझोराममध्ये सपाट जमीन फार थोडी. जिकडे बघावे तिकडे डोंगर आणि डोंगरांवर बांबू. जानेवारी-फेब्रुवारीत उतारावरचे जंगल तोडायचे, वाळू द्यायचे, मार्चच्या सुमारास पेटवायचे आणि पाऊस पडू लागला की त्या राखेच्या जमिनीत भात टोकायचे. एक-दोन वर्षांनी ती जागा सोडायची आणि दुसरा उतार धरायचा. हिला झूम शेती म्हणतात. आपल्या कोकणपट्टीत डोंगरकडेचे लोक पूर्वी कुमरी करीत, तिचीच ही बहीण. नांगर नाही, बैलजोडी नाही. कोयता, कुऱ्हाड आणि हातातली छोटी कुदळ एवढीच अवजारे. गावे डोंगराच्या माथ्यावर आणि शेते खाली उतारावर, त्यामुळे पिकले ते पाठीवरच्या टोपलीत भरून, टोपलीचा पट्टा कपाळाला लावून, चढ चढत घरी आणायचे. पाणीसुद्धा पूर्वी खालच्या झऱ्यावरून बांबूच्या नळकांड्यांत भरून असेच वर आणीत. पहाटे उठून उखळात भात कांडायचे ते वेगळेच. यातले बहुतेक काम बायकांचे. म्हणजे जी मूठ ती बाई बाजूला काढी, ती तिच्या स्वतःच्या पाठीवरून आलेली आणि तिच्याच मुसळाखालून गेलेली असे.

आता थोडी कडू गोष्ट. त्या काळी गावच्या प्रमुखाला मिझो लोक ‘लाल’ म्हणत. ज्याच्या घरचे भात संपले, मग ती विधवा असो, पोरके पोर असो, की आजाराने हातपाय गळालेला माणूस असो, त्याला एक दार उघडे असे, ते लालाच्या घरचे. लाल त्याला ठेवून घेई, खाऊ घाली. आणि त्या दिवसापासून तो लालाचा ‘बॉई’ होई. लालाचे शेत करायचे, लालाचे पाणी भरायचे, सरपण आणायचे. त्यातून सुटायचे तर एक मिथुन द्यावा लागे. मिथुन म्हणजे गव्याच्या जातीचे तिथले मोठे पाळीव जनावर. नाही तर रोख चाळीस रुपये. ज्याच्याकडे उद्याच्या जेवणाचे तांदूळ नाहीत तो चाळीस रुपये कोठून आणणार? आपल्याकडे सालगडी आणि वेठबिगार म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको. लालाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्याने त्यांना उपाशी मरू दिले नाही. इंग्रज अधिकारीही हेच म्हणत आणि ही चाल चालू द्यावी असे त्यांचे मत होते. लालांच्या आधारावर त्यांचा कारभार चालत होता, हेही त्यामागे होतेच.

१९०८ साली वेल्सच्या मिशनचे डॉ. पीटर फ्रेझर ऐजॉलला आले. दवाखाना चालवता चालवता त्यांनी हा प्रकार पाहिला आणि ही गुलामीच आहे असे उघड बोलू लागले. अधिकाऱ्यांनी त्यांना बजावले की औषध द्या, बाकीच्यात पडू नका. डॉक्टर पडले. शेवटी १९१२ च्या सुमारास त्यांना तो मुलूख सोडावा लागला. दवाखान्यात येणाऱ्या माणसाचे दुखणे कोठून सुरू होते, हे ज्याला दिसते त्या डॉक्टरची अशीच अडचण होते.

हा वाद चाललेला असतानाच बायकांनी मूठ काढायला सुरुवात केली. बॉई मंडळींचा विचार करूनच हे सुरू झाले असा दावा मी करणार नाही. मंडळीचे काम चालवायला पैसा हवा होता आणि तो नव्हता, एवढे साधे कारण होते. पहिल्या दोन मिझो माणसांचा बाप्तिस्मा १८९९ सालचा, म्हणजे मंडळी अवघी दहा-अकरा वर्षांची. लोकांच्या हातात नाणे क्वचित खेळे. पण भात घरोघरी होते. जे आहे त्यातले द्यावे, इतकीच ती युक्ती. तरीही मला राहून राहून वाटते, की ज्या समाजात तांदळाचे भांडे रिकामे झाले की माणूस स्वतःचा मालक उरत नव्हता, त्याच समाजात बायकांनी घरोघर एक जास्तीचे भांडे मांडले, हा योग काही लहान नाही.

आणखी एक गोष्ट पुरुष वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. घरातला पैसा, जनावर, जमीन यांचे काय करायचे हे बाईच्या हाती नव्हते. तिथेही नव्हते आणि आपल्याकडेही कितपत आहे ते तुम्हीच सांगा. पण सुपातले तांदूळ आधणात किती टाकायचे हे मात्र तिच्याच हातात होते. त्यातली मूठ काढायला तिला कोणाला विचारावे लागले नाही. आठवड्यातून एकदा मंडळीतल्या बाया घरोघर फिरून साठलेले तांदूळ गोळा करतात, चर्चच्या आवारात एकत्र करतात, मोजतात, वहीत मांडतात आणि विकतात. येणारा पैसा मंडळीच्या कामाला जातो. मंडळीचे कारभारी पुरुष. बायकांना वडीलकीच्या आणि पाळकाच्या जागा द्याव्यात की नाही हा तिथे फार दिवसांचा वाद आहे. पण मंडळीच्या तिजोरीत भर घालणारा एक मोठा झरा चुलीपाशी उगम पावतो, हे पुरुषांनाही नाकारता येत नाही. आज ही मुठीची रक्कम साऱ्या राज्यात मिळून वर्षाला काही कोटी रुपयांच्या घरात जाते.

कोटी हा आकडा ऐकून कोणाला अतिशयोक्ती वाटेल, म्हणून जरा हिशोब करू. बाईमाणसाच्या हाताची एक मूठ तांदूळ म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम धरा. दिवसाला दोन मुठी म्हणजे शंभर ग्रॅम. महिन्याला तीन किलो, वर्षाला छत्तीस किलोंच्या वर. दोनशे घरांचे गाव असेल तर बहात्तर-त्र्याहत्तर क्विंटल. हा माझा चुलीवरचा हिशोब आहे, कोणाच्या अहवालातला नाही, पण तुम्ही घरी मूठ वजन करून पाहा, फार फरक पडणार नाही. आणि शंभर ग्रॅम तांदूळ कमी शिजले म्हणून पाच माणसांच्या घरात कोणी अर्धपोटी उठले, असे होत नाही. खरकट्यात जाते त्याहून हे कमीच असेल.

मूठ सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झाले नाही तोच तिची कसोटी आली. मिझोरामच्या डोंगरांवर ‘मौतक’ नावाचा बांबू आहे. तो दर अठ्ठेचाळीस वर्षांच्या आसपास एकदमच सगळीकडे फुलतो, पेरूएवढी फळे धरतो आणि मरतो. त्या फळांवर उंदीर तुटून पडतात. खायला मुबलक मिळाले की उंदरांची वीण किती वाढते हे शेतकऱ्याला सांगायला नको. बांबूची फळे संपली की ही फौज शेतात उतरते. एका रात्रीत उभे भात साफ. झूमचे भात गेले की मक्याकडे वळते, मग घरातल्या कणगीकडे. या दुष्काळाला मिझो लोक ‘मौताम’ म्हणतात. १९११-१२ साली असा मौताम आला.

त्यानंतरचा मौताम १९५८-५९ चा, आणि त्याची गोष्ट प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने उशाशी ठेवावी अशी आहे. हा भाग तेव्हा आसाम राज्याचा एक जिल्हा होता. म्हाताऱ्या माणसांनी सांगितले, बांबू फुलणार, उंदीर येणार, आतापासून धान्य साठवा. वरच्या कारभाऱ्यांना ही अडाणी लोकांची समजूत वाटली. बांबू फुलला. उंदीर आले. लोक रानातली कंदमुळे खणून खाऊ लागले. मग धान्य यायला उशीर झाला आणि त्या उशिराचा राग लोकांच्या मनात राहिला. लोकांना धान्य पोचवण्यासाठी १९६० साली लालडेंगा यांच्या पुढाकाराने दुष्काळ निवारणाची एक संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्या नावातला दुष्काळ हा शब्द गेला आणि तिचा राजकीय पक्ष झाला. १९६६ च्या मार्चमध्ये त्या पक्षाने बंड पुकारले. पुढची वीस वर्षे त्या डोंगरांनी गोळीबार, विमानातून बॉम्बफेक, गावेच्या गावे उठवून सक्तीने रस्त्याकाठी वसवणे, असे सगळे पाहिले. १९८६ च्या जूनमध्ये करार होऊन शांतता आली आणि त्यात चर्चच्या वडीलधाऱ्यांनी मध्यस्थीची मोठी खटपट केली होती. वेळेवर न पोचलेल्या धान्याची किंमत एवढी झाली.

तिसरा फेरा २००६ ते २००८ चा. या वेळी सरकार सावध होते. उंदराच्या शेपटीमागे बक्षीस ठेवले, भाताऐवजी आले आणि हळद लावा असे शेतकऱ्यांना सांगितले, कारण उंदीर या दोन पिकांना सहसा तोंड लावत नाहीत. आपल्याकडच्या आले-हळदीच्या बागायतदारांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही. तरी अनेक गावांचे भात गेलेच. पुढचा फेरा हिशोबाने २०५५ च्या आसपास येतो. ज्यांची नातवंडे आज रांगत आहेत ती तेव्हा कर्ती असतील.

असो. उंदरांनी फार जागा खाल्ली. मूळ विषयाकडे वळू.

हा पैसा जातो कोठे? इथे मला स्पष्ट बोलले पाहिजे. त्यातला मोठा वाटा धर्मप्रचाराच्या कामाला जातो. बाहेरच्या राज्यांत आणि देशांत मिझो मंडळीने पाठवलेले प्रचारक आहेत, त्यांचा चरितार्थ त्यातून चालतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी परदेशी मिशनऱ्यांना मिझोराम सोडावे लागले, तरी तिथले काम बंद पडले नाही, यालाही ही मूठ कारण आहे. परदेशी पैशाच्या जोरावर चर्च चालते असे आपल्याकडे सरसकट बोलले जाते. या चर्चबद्दल ते खरे नाही. ते चुलीवर चालते. धर्मप्रचार हा आपल्यापैकी पुष्कळांना न रुचणारा भाग आहे, आणि ज्याला तो रुचत नाही त्याने तसे म्हणावे. पण त्या मंडळीचे दुसरेही काम आहे. ऐजॉलजवळ डुर्टलांग इथे १९२८ पासून चर्चचे रुग्णालय आहे. अनाथ मुले, व्यसनात बुडालेली तरुण पोरे, घर जळालेले किंवा दरडीखाली गेलेले कुटुंब यांच्यासाठी मंडळी पुढे येते. गावात कोणी गेले तर तिथल्या तरुण संघाची पोरे कबर खणतात, रात्रभर दुःखी घरी बसतात, त्याचे कोणी पैसे घेत नाही. या वृत्तीला त्यांच्यात ‘त्लॉमङाइहना’ असा एक शब्द आहे. आपले काम बाजूला ठेवून, कोणी न सांगता दुसऱ्याच्या गरजेला धावणे, असा त्याचा काहीसा अर्थ. हा शब्द ख्रिस्ती धर्म येण्याच्या आधीपासूनचा आहे. धर्म नवा आला, पण मूठ काढणारा हात जुन्याच संस्कारात वाढला होता, असे मला वाटते.

ऐजॉलहून बाहेर पडणाऱ्या हमरस्त्यावर सेलिंग गावाच्या बाजूला रस्त्याकडेला बांबूच्या टपऱ्या लागतात. भाजी, फळे मांडलेली, भावाची पाटी लावलेली, पैशाचा डबा ठेवलेला, आणि दुकानदार नाही. तो खाली शेतात कामाला गेलेला असतो. घ्या, पैसे टाका, सुटे हवे असतील तर डब्यातून घ्या. आमच्याकडे असा डबा ठेवला तर संध्याकाळी डबाही सापडायचा नाही, असे तुम्ही हसून म्हणाल. मीही तेच म्हटले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये शेजारच्या म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. सीमेपलीकडच्या चिन प्रांतात गावे जळू लागली आणि माणसे तियाउ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागली. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया. केंद्र सरकारने सीमेवरच्या राज्यांना कळवले की लोकांना येऊ देऊ नका. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले की ही आमच्याच रक्ताची माणसे आहेत, आम्हाला त्यांच्याकडे पाठ फिरवता येणार नाही. हेच झोरामथांगा पूर्वी बंडखोर होते आणि त्यांनी स्वतः निर्वासितपण भोगलेले होते. येणाऱ्यांचा आकडा तीस हजारांच्या वर गेला. साऱ्या राज्याची लोकसंख्या २०११ च्या गणनेत अकरा लाखांच्या आत. म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढे राज्य, त्याने एवढी माणसे सामावून घ्यायची. आपल्या देशाने निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे या लोकांना कायद्याने निर्वासित म्हणून दर्जा नाही, ठरलेला शिधा नाही. तेव्हा शिधा आला तो गावांतून. सीमेवरच्या झोखॉथार आणि आसपासच्या गावांतल्या लोकांनी, चर्चच्या मंडळ्यांनी आणि तरुण संघाने बांबूच्या झोपड्या उभ्या केल्या, तांदूळ, पांघरुणे, भांडी जमवली. मे २०२३ मध्ये मणिपूर पेटले तेव्हा तिकडून आणखी बारा हजारांवर माणसे आली. पुन्हा तेच.

आता कल्पना करा. पाहुणा तीन दिवसांचा असतो तेव्हा आपण गोडधोड करतो. तीन आठवडे राहिला की कुरकुर सुरू होते. इथे पाहुणा वर्षानुवर्षे राहिला आहे. शाळेत त्याची पोरे बसतात, मजुरीत तो वाटेकरी होतो, रोग आला तर औषधाला तोही रांगेत असतो. चाकरमान्याच्या पगारातून, शेतकऱ्याच्या पिकातून पुन्हा पुन्हा वर्गणी निघते. दमछाक झाल्याच्या, तक्रारीच्या गोष्टीही तिथून ऐकू येतात, आणि त्या न आल्या असत्या तरच आश्चर्य. अशा वेळी उत्साहाची देणगी आटते. सवयीची देणगी मात्र झिरपत राहते, कारण ती रोज आधणाबरोबर निघते, भाषणाची वाट पाहत नाही.

पण याच मिझोराममधून १९९७ साली ब्रू जमातीचे तीस हजारांहून अधिक लोक जीव मुठीत धरून त्रिपुरात पळाले. वांशिक दंगलीला भिऊन पळाले. वीस वर्षांच्या वर ते तिथल्या छावण्यांत राहिले आणि शेवटी जानेवारी २०२० च्या कराराने त्यांना त्रिपुरातच वसवायचे ठरले. चिन माणूस आपल्या रक्ताचा म्हणून त्याला मिठी, आणि ब्रू शेजारी वेगळ्या जातीचा म्हणून त्याला दार बंद, असे झाले. हे मी त्या बायकांना हिणवायला सांगत नाही. आपल्या गावात पंगत कोणापाशी थांबते, हे आठवून पाहिले की त्यांना बोल लावायला तोंड उरत नाही. मुठीला कुंपण पडते ते हाताने नव्हे, मनाने.

आपल्या मातीत मूठ नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. गरिबांच्या सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून वसतिगृह चालवायचे म्हणजे रोजचे धान्य हवे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्यापायी दिले हे आपण शाळेत वाचले आहे. त्याच कामासाठी मुष्टिफंड निघाला. जात्यावर बसताना बाईने मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे आणि ते वसतिगृहात पोचायचे. नगर आणि जालन्याकडच्या ख्रिस्ती गावांत सुगीनंतरच्या उपासनेला शेतकरी ज्वारीचे पोते, कोंबडी, भोपळा घेऊन येतात, तिथेच लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या गरजूंना लागतो. लिलावात भोपळा दुप्पट भावाने घेणारा तोच, ज्याने सकाळी स्वतः दुसरा भोपळा आणून दिलेला असतो. मुष्टिफंड मात्र आपण सोडून दिला. जाते गेले, त्याबरोबर मडकेही गेले.

आता रेशनवर धान्य फुकट मिळते, मग मूठ कोणासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण तुमच्या गावात जरा डोळे उघडे ठेवून फिरा. एखाद्या म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, कारण आयुष्यभर खुरपे धरून बोटांच्या रेषाच गेल्या आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे कार्ड गावी आणि पोटे फडावर. सुनेशी पटत नाही म्हणून वेगळ्या खोलीत राहणारी सासू, जिचे नाव मुलाच्याच कार्डात अडकले आहे. आणि धान्य मिळाले तरी तेल, मीठ, गोळ्या-औषधे, दहावीच्या पोरीची फी हे रेशनच्या दुकानात मिळत नाही. मिझो बायकांनी धान्य वाटण्यापेक्षा विकून पैसा केला, तो याच शहाणपणाने.

कोणा महिला मंडळाला करून पाहायचे असेल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. दिवसाला एकच मूठ धरली तरी शंभर घरांची महिन्याला दीड क्विंटल होते. म्हणजे तीन माणसांच्या पाच घरांचा महिना निभावेल एवढे. ज्वारी, बाजरी, गहू एकत्र करू नका, मिश्र धान्याला भाव येत नाही. ज्या घरी जे पिकते त्याचीच मूठ घ्या आणि गोळा करताना पोती वेगळी ठेवा. पीठ घेऊ नका, दाणाच घ्या. पीठ महिन्याभरात कडवट होते. आठवड्याला उचल झाली नाही तर डब्यात सोंडे होतात आणि बाईचा उत्साह जातो, तेव्हा वार पक्का ठरवा. साठवणीच्या कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. पहिल्या महिन्यात तीस घरेच येतील, येऊ द्या. ज्या घरी उणे आहे तिथलीही मूठ घ्या, नको म्हणू नका. मिझोराममध्येही गरिबाघरची मूठ कोणी परत करीत नाही, आणि ती परत केली तर त्या घरावर घेणाऱ्याचा शिक्का बसतो.

सगळ्यांत अवघड काम गोळा करण्याचे नाही, वाटपाचे आहे. ते सरपंचाच्या घरी ठेवू नका, देवळातही नको, शाळेत ठेवले तर उत्तम. कोणाला दिले याची नावे सभेत वाचू नका. वहीत जमा खुली ठेवा, ती कोणीही पाहावी. खर्चाची नावे फक्त तीन बायांनी पाहावीत, आणि त्या तिघी एकाच भावकीतल्या नसाव्यात. चौथी ओळख गावाबाहेरच्या वस्तीवरून घ्या. या शेवटच्या अटीवर तुमच्या मंडळात वाद होईल, तो आधीच होऊन जाऊ द्या.

ज्या गावांत मुष्टिफंडाची मडकी अजून चालू आहेत, किंवा कोणाच्या आजीने ती चालवलेली आठवतात, त्यांनी या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्यात. किती घरे होती, कोणते धान्य होते, आणि बंद पडले ते कशावरून.